लेक्टिनच्या साहाय्याने औषध थेट अर्बुदपेशींपर्यंत (कर्करोगाच्या गाठीतील पेशींपर्यंत) नेता येईल का?

प्रश्न: लेक्टिन ही प्रथिने पेशींवरील विशिष्ट शर्करांना चिकटतात. मग औषधाच्या सूक्ष्मकणांवर लेक्टिन बसवले, तर निरोगी पेशी वाचतील का?

उत्तर १: तत्त्व बरोबर आहे. एरवी इतर शर्करांखाली झाकलेला टी-प्रतिजन (पेशीवरील एक छोटी शर्करा-रचना) कर्करोगाच्या अनेक पेशींवर उघडा पडतो आणि शेंगदाण्यातील लेक्टिन त्याला चांगले चिकटते. गव्हाच्या अंकुरातील लेक्टिन सायलिक आम्ल या पेशीवरील शर्करेला धरते, आणि एकदा ते चिकटले की पेशी त्याला कणासकट आत ओढून घेऊ शकते. हे आत शिरणेच मला सर्वांत मोलाचे वाटते.

उत्तर २: याला एक गंभीर पुस्ती जोडतो. याच शर्करा निरोगी पेशींवरही असतात; गव्हाचे लेक्टिन तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवते, शिवाय परके प्रथिन म्हणून शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवू शकते. म्हणून मूत्राशयासारख्या पोकळ अवयवात, रक्तात न सोडता, औषध थेट सोडणे मला अधिक आश्वासक वाटते.

प्रश्नकर्ता: उलट, शरीरातील लेक्टिनलाच लक्ष्य केले तर?

उत्तर २: तेही होते. यकृतपेशींवरील असियालोग्लायकोप्रोटीन ग्राही (ठरावीक रेणू पकडून आत घेणारे प्रथिन) हे लेक्टिनच आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले गिव्होसिरान त्याच दारातून आत जाते, मात्र ते पोर्फिरिया या दुर्मीळ चयापचय-विकारावरचे औषध आहे, कर्करोगावरचे नव्हे.