अनुभव धागा : मत देताना तुमचे डोके चालले होते की मन?

मुक्ता_पुणे
आईचे कपाट आवरताना तिची १९८४ सालची जमाखर्चाची वही सापडली आणि डिसेंबरच्या पानावर, वाणसामान आणि रॉकेल यांच्या नोंदींच्या मध्येच, "ह्यांनी पंजाला दिले" एवढे एक वाक्य दिसले. आणीबाणीत काका तुरुंगात होते, त्यामुळे बाबा काँग्रेसला मत देण्याचा प्रश्नच नव्हता आणि त्याची सगळी कारणे त्यांना तोंडपाठ होती. परंतु ३ नोव्हेंबरला शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर पंधरा-वीस माणसांत बसून त्यांनी राजीव गांधींना आईच्या चितेला अग्नी देताना पाहिले, आणि मतदानाच्या दिवशी जेवता जेवता ते इतकेच म्हणाले, "त्या पोराला नाही म्हणवले नाही." राज्यातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला मिळाल्या, तेव्हा असे बाबा घरोघरी असणार. तुमच्याकडचे लिहा.

गिरणीचा_भोंगा
उरलेल्या पाचांतले एक डॉ. दत्ता सामंत, आमच्या दक्षिण मध्य मुंबईचे. जानेवारी १९८२ मध्ये सामंतांच्या पुढारपणाखाली सुरू झालेला गिरणी संप हरल्याचे तोवर वडिलांनाही कळून चुकले होते आणि हिशेबच करायचा तर त्यांना मत देण्याचे काही कारण नव्हते. वडील मात्र म्हणत, की फाटक बंद झाले तेव्हा आपल्या बाजूला उभा राहिलेला माणूस हाच. आई त्या दिवशी त्यांच्याशी बोलली नाही, कारण दोन वर्षे डबे करून घर तिने चालवले होते.

राजापूरकर
त्या पाचांत आमचे मधु दंडवतेही होते. रेल्वेमंत्री असताना ज्याने दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी घातली त्याला सोडायचे नाही, असे आजोबांचे ठाम मत होते. आमच्याकडे तेव्हा रेल्वेच यायची होती, हे निराळे.

मुक्ता_पुणे
@राजापूरकर, हसू आवरले नाही, पण ही कृतज्ञता डोक्याच्या खात्यात मांडायची की मनाच्या?

दोन_शिक्के
सप्टेंबर १९९९ मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच दिवशी होती. सरकार एका मताने पडल्याची चुटपुट आणि ताजे कारगिल यांमुळे मामांनी वरचे मत वाजपेयींच्या पक्षाला दिले आणि खालचे, पाझर तलाव करून देणाऱ्या विरोधी पक्षाच्या आमदाराला. युतीला लोकसभेच्या २८ जागा मिळाल्या आणि मुख्यमंत्री झाले विलासराव देशमुख, तेव्हापासून मामी त्यांना 'तळ्यात-मळ्यात' म्हणतात.

साताऱ्याची_सून
२०१९ च्या पोटनिवडणुकीचे नाव काढले की सगळे शरद पवारांच्या पावसातल्या सभेबद्दलच बोलतात. ती सभा १८ ऑक्टोबरची आणि मतदान २१ चे, परंतु आमच्या सासऱ्यांचे आधीच ठरले होते, कारण मे महिन्यात निवडून दिलेल्या खासदाराने सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन पुन्हा रांगेत उभे करावे, हे त्यांना पटले नव्हते. आता मात्र तेही पाहुण्यांना पावसाचेच सांगतात. ऐकणाऱ्याला तेच आवडते.

निफाडचा_कांदा
आमचा दिंडोरी मतदारसंघ. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली आणि ४ मे २०२४ ला उठली, तोवर आमच्या चाळीतला निम्मा माल मातीमोल गेला होता. आजीने महिनाभर विचार करून 'तुतारीवाला भगरे' पक्का केला आणि यंत्रावर तुतारी हे चिन्ह असलेल्या दुसऱ्याच भगरे नावाच्या अपक्षापुढचे बटण दाबले; तिला हवा असलेला उमेदवार तुतारी वाजवणाऱ्या माणसाच्या चिन्हावर उभा होता. त्या अपक्षाला लाखाहून अधिक मते पडली. तिचा उमेदवार निवडून आला, तरी "माझं मत गेलं कुठं?" म्हणून ती दोन दिवस नीट जेवली नाही.

गिरणीचा_भोंगा
@मुक्ता_पुणे, तुमच्या आईंनी स्वतः कोणाला दिले होते?

मुक्ता_पुणे
वहीत ते लिहिलेले नाही. आत्ताच विचारले, तर म्हणाली, "ह्यांना कधी सांगितलं नाही, ते तुला कशाला सांगू?"