४० टक्क्यांची अट आणि लेखनिक

एका ताईंनी विचारलंय की बहिणीचं अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी आहे, मग सीएच्या परीक्षेला लेखनिक, म्हणजे तिने सांगितलेली उत्तरं लिहून देणारी व्यक्ती, मागता येईल का. जरूर मागा. विकाश कुमार विरुद्ध यूपीएससी खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. त्या उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता, म्हणजे लिहिताना हात आखडायचा. ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, लेखनिकासाठी ती लावता येत नाही. पुढे १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने अशा उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचनाही काढल्या, त्यात तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ दिला होता. मात्र लिहिण्यात अडचण असल्याचं डॉक्टरी प्रमाणपत्र लागतं, ते फॉर्म भरायच्या आधीच काढा. आणि अर्ज लेखीच द्या, पोच घ्या. तोंडी नकारावर मागे फिरू नका, ताई!