आईच्या संगणकासाठी न घाबरवणारा अँटिव्हायरस कोणता?

नमस्कार मंडळी,

आई कराडला असते, मी बेंगळुरूला. ती निवृत्त शिक्षिका आहे, वय ६८. बचत गटाचे हिशोब एक्सेलमध्ये ठेवते, लाइट बिल भरते, बँकेचं खातंही त्याच संगणकावर बघते. प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जाते. तिथूनच दोनदा शॉर्टकट व्हायरस घरी आला. सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झाले आणि खरे फोल्डर लपले. हिशोब शेवटी सापडले, पण गटातल्या बायकांचे पैसे आहेत हो, तिला दोन रात्री झोप नव्हती.

गेल्या महिन्यात वेगळंच झालं. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत' असं सारखं यायला लागलं. कुठल्याशा साइटवर तिने 'अलाउ' दाबलं होतं, त्या क्रोमच्या नोटिफिकेशन होत्या. मी फोनवरून सेटिंगमध्ये जाऊन त्या बंद करायला लावल्या. पण मुदत संपलेला जो विकतचा अँटिव्हायरस होता, तोही त्याच कोपऱ्यात, तशाच लाल रंगात 'धोका! नूतनीकरण करा' म्हणत होता. ती मला म्हणाली, "यातलं खरं कुठलं ते मी कसं ओळखायचं?" माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. तो अँटिव्हायरस काढून टाकला आहे, आता विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, आपोआप चालू झालाय.

संगणक जुना आहे: ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. प्रोसेसर जुना असल्यामुळे विंडोज ११ चढत नाही. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, म्हणून नुसत्या डिफेंडरवर सोडायला मन धजत नाही. पण विंडोजमधलीच भोकं बुजणार नसतील तर विकतचा अँटिव्हायरस तरी किती पुरा पडेल? जाणकारांनी यावर जरूर लिहा. नवा संगणक घेणं हाच उपाय असेल तर तसं स्पष्ट सांगा, पैसे साठवायला लागतो.

अँटिव्हायरसची चाचणी घेणाऱ्या एव्ही-टेस्ट या संस्थेचे निकाल चाळले. तिथे 'युजेबिलिटी'चे ६ पैकी गुण असतात, ते पाहून आधी बरं वाटलं. मग कळलं की ते मुख्यतः खोट्या इशाऱ्यांवरून देतात, म्हणजे चांगल्या फाइलला व्हायरस ठरवलं की गुण कमी. तेही हवंच, पण बटणं कुठे आहेत आणि भाषा समजते का, हे त्यात येत नाही.

क्विक हीलचा विचार करतोय. कंपनी पुण्याची, ती काढणारे काटकर बंधू आपल्या सातारा जिल्ह्यातले. कोणी घरच्या वडीलधाऱ्यांसाठी घेतलाय का? आईने फोन केला तर मराठीतून नीट मदत मिळते का? ४ जीबीवर संगणक रखडतो का? आणि जाहिराती, नूतनीकरणाच्या आठवणी पूर्ण बंद करता येतात का? माझ्यासाठी हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. वर्षाला हजारापर्यंत खर्च चालेल. दुसरा कुठला वापरत असाल तर त्याचाही अनुभव लिहा.

पेन ड्राइव्ह लावला की आधी राइट क्लिक करून डिफेंडरने तपासायचा, एवढं तिला शिकवलंय आणि ती ते न चुकता करते. येत्या शनिवारी कराडला जातोय, दोन दिवस आहे. जे ठरेल ते तिच्याच हाताने बसवून घेईन, म्हणून त्याआधी सुचवलंत तर फार मदत होईल.