क्लाउड आला, पण अंतर गेलं का?

केबलवाला: ‘इंटरनेटला अंतर नसतं’ हे मला पटत नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी धावतो. म्हणजे दर १,००० किमीला जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. मुंबई ते अमेरिकेचा पूर्व किनारा, एक फेरी साधारण २०० मिलिसेकंद. सुरक्षित पान उघडायला सहसा तीन फेऱ्या लागतात: टीसीपी जोडणी (दोन संगणकांची पहिली ओळख), टीएलएस १.३ (सांकेतिक कुलूप ठरवणं), मग खरी मागणी. ६०० तिथेच गेले. प्रोसेसर कितीही महागडा घ्या, यातलं काही वाचत नाही.

निमशहरी: असहमत. हिशेब बरोबर, पण जुन्या काळचा. एडब्ल्यूएसचं, म्हणजे ॲमेझॉनच्या भाड्याने सर्व्हर देणाऱ्या क्लाउड सेवेचं, मुंबई रीजन (तिथला डेटा सेंटरांचा गट) २०१६ पासून आहे. चित्रं, व्हिडिओ सीडीएन, म्हणजे ठिकठिकाणी प्रती ठेवणारं सर्व्हरांचं जाळं, जवळच्या शहरातून देतं. कोल्हापूरचा दुकानदार बसल्या जागी मुंबईतला सर्व्हर भाड्याने घेतो. भूगोल आडवा येतो कुठे?

केबलवाला: ‘मुंबईतला’ हे तुम्हीच लिहिलंत की! वर्सोव्याला समुद्री केबल किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअरबाजार शेजारी, म्हणून नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं उभी राहिली. शिवाय चित्र सीडीएनवर ठेवता येतं, खात्यातली शिल्लक मूळ डेटाबेसलाच विचारावी लागते. नेहमीचा घोळ: ॲप मुंबईत हलवतात, डेटाबेस अमेरिकेतल्या व्हर्जिनियातच राहतो. पानाला एकामागून एक २० क्वेऱ्या (डेटाबेसला विचारणा) लागल्या की ४ सेकंद गेले. आधी डेटाबेस हलवा, किंवा निदान वाचनापुरती प्रत इथे ठेवा.

शून्यविलंब: +१. आणि पेमेंटचा डेटा भारतातच साठवा, हा रिझर्व्ह बँकेचा २०१८ चा आदेश आहेच.

निमशहरी: तो कायदा झाला, भूगोल नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात तीन केबल तुटल्या, तरी भारताचं इंटरनेट चालूच राहिलं. वाहतूक दुसरीकडून वळली.

केबलवाला: वळली, पण युरोपला जायला सिंगापूरकडून वळसा घातला तर वेळ वाढणारच. दुरुस्तीला जहाज लागतं: गळ टाकून टोक वर काढायचं, तपासायचं, नवा तुकडा जोडायचा. येमेनजवळ युद्ध पेटलेलं, परवानग्या अडकलेल्या. काम महिनोन्महिने रखडलं. ते पाणी टाळून सुएझमार्गे युरोपला जाता येत नाही, याला भूगोल नाही तर काय म्हणायचं?

निमशहरी: एवढं मान्य. पण छोट्या धंद्याने यात करायचं काय?

शून्यविलंब: दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या म्हणजे दोन मार्ग झाले, असं धरू नका, पुष्कळदा दोघांची क्षमता एकाच केबलमध्ये असते. करारापूर्वी केबलची नावं आणि किनाऱ्यावर लागण्याची ठिकाणं लेखी मागा. जमिनीवरचंही विचारा: दोन्ही लाइन एकाच चरातून इमारतीत येत असतील तर एक जेसीबी पुरतो.