८६ हा आकडा वर्गशिक्षिकेला सांगायचा का?

नवी_समुपदेशक:
शाळेत समुपदेशक म्हणून लागून मला सात महिने झालेत. सातवीतला एक मुलगा माझ्याकडे येतो. तोंडी विचारलं तर पटापट उत्तरं देतो, पेपर मात्र दर वेळी अर्धा कोरा. पालकांनी बाहेर वेक्स्लरची बुद्धिमत्ता चाचणी करून घेतली आणि अहवाल मला आणून दिला. एकूण बुद्ध्यांक ८६. आता वर्गशिक्षिका रोज विचारतात, "किती निघाला?" मुख्याध्यापक म्हणतात, बहुविध बुद्धिमत्तेप्रमाणे (बुद्धी एक नसून अनेक प्रकारची असते, हा सिद्धांत) तो 'शारीरिक बुद्धिमत्तेचा' आहे असं लिहून द्या, म्हणजे पालकांनाही बरं वाटेल.

आणि काल मुलानंच दारात उभं राहून विचारलं, "मॅडम, मी ढ आहे असं लिहिलंय का त्यात?" मी "नाही रे" म्हणाले आणि विषय बदलला. रात्रभर तेच डोक्यात होतं. काय करू?

जुनी_खुर्ची:
एकूण आकडा जरा बाजूला ठेवा. आत चार निर्देशांक, म्हणजे वेगवेगळ्या क्षमतांचे वेगळे गुण, दिलेले असतील, ते किती आहेत?

नवी_समुपदेशक:
शाब्दिक आकलन १०८, आकृत्यांवरून तर्क ८८, कार्यकारी स्मृती (माहिती डोक्यात धरून तिच्यावर काम करणं) ८६, प्रक्रिया वेग (साधं काम किती झटपट होतं ते) ७२.

जुनी_खुर्ची:
मग तुमचं उत्तर तिथेच आहे, ताई. १०८ आणि ७२ मध्ये ३६ गुणांची दरी आहे. या चाचणीची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात ते माप) १५, म्हणजे दोन विचलनांहून जास्त फरक. एवढी दरी असली की एकूण आकडा त्या मुलाबद्दल फारसं काही सांगत नाही. एक पाय गरम पाण्यात आणि एक बर्फात ठेवून सरासरी कोमट काढल्यासारखं ते होतं. अहवालात ८६ च्या आजूबाजूचा पट्टाही, म्हणजे खरा गुण ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असण्याची शक्यता आहे तो, छापलेला असेल, तोही पाहा. नेमका ८६ असा कुणाचाच नसतो.

प्रक्रिया वेगाच्या उपचाचण्या म्हणजे काय ते माहीत असेलच, तरी सांगते. एकीत अंकाखाली ठरलेली खूण काढत जायची असते, वेळ दोन मिनिटं. मी अशी मुलं पाहिली आहेत जी प्रत्येक खूण रेखीव काढतात, जरा वाकडी झाली की पुन्हा गिरवतात. एकही चूक नाही, पण दुसऱ्या ओळीतच वेळ संपते. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी जुळवतानाही तेच. शेवटचा ठोकळा हातात असताना घड्याळ थांबतं आणि त्या नक्षीचे गुण शून्य. ज्यांनी चाचणी घेतली त्यांना फोन करा. "चुका जास्त होत्या की वेळ कमी पडला?" एवढं विचाराच. अर्ध्या कोऱ्या पेपरचं कारण बहुधा त्यातच मिळेल.

वर्गशिक्षिकेला आकडा देऊ नका. अहवाल पालकांचा आणि मुलाचा आहे, त्यांच्या संमतीशिवाय तो पुढे जात नाही. पण गप्पही बसू नका. पालकांना विचारून वर्गशिक्षिकेला असं सांगा: "ऐकून समजतं, बोलून सांगता येतं, कागदावर उतरवायला वेळ लागतो." त्यांना खरं तर हेच हवंय, आकडा विचारतात कारण दुसरं काय विचारायचं ते कुणी सांगितलेलं नसतं.

मला या विषयाची तळमळ आहे म्हणून थोडं जुनं सांगते. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये बुद्धी मोजायची पहिली मोजपट्टी केली ती वर्गात मागे पडणाऱ्या, वेगळ्या मदतीची गरज असलेल्या मुलांना शोधायला. बुद्धी जन्मतः ठरलेली आणि कधीच न वाढणारी आहे, या समजावर बिनेनं १९०९ मध्ये कडक टीका केली. बुद्ध्यांक ही कल्पना त्याची नव्हेच, ती १९१२ मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्ननं मांडली. मदतीसाठी केलेल्या मोजपट्टीचा शिक्का नंतरच्यांनी केला. आपल्या खोलीत तरी तो होऊ देऊ नये.

फळ्यासमोर:
मी शिक्षक आहे. 'शारीरिक बुद्धिमत्ता' लिहायला काय हरकत आहे? बहुविध बुद्धिमत्तेच्या तक्त्यामुळे माझ्या वर्गात बऱ्याच मुलांकडे नव्यानं बघितलं गेलं.

जुनी_खुर्ची:
सर, नव्यानं बघितलं हे फार चांगलं झालं, ते तसंच राहू द्या. पण हा सिद्धांत मांडणाऱ्या हॉवर्ड गार्डनरनं १९८३ मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या त्या मुलांच्या सात जाती म्हणून नव्हेत. प्रत्येकात सगळ्याच असतात असंच तो सांगतो. शिवाय या मुलाची भाषा १०८ आहे! त्याच्या हातात चेंडू देऊन पुस्तक काढून घेतलं तर त्याचं सगळ्यात भक्कम अंगच आपण झाकून टाकू. गोड असला तरी तोही शिक्काच.

विशेष_शिक्षिका:
व्यवहाराचं बोलते. जादा वेळ मागा, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील कागद द्या, काही उत्तरं तोंडी घ्या. आणि एकदा डोळे आणि हाताची पकड तपासून घ्या. लिहिण्याचीच अडचण असेल तर तिची तपासणी वेगळी असते.

जुनी_खुर्ची:
मुलाच्या प्रश्नाचं राहिलं. "नाही रे" हे खोटं नव्हतं, पण त्यानं दार बंद झालं. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स ज्याला विनाअट स्वीकार म्हणतो त्याची सुरुवात तो प्रश्न पुरता ऐकून घेण्यापासून होते. त्याला पुन्हा बोलवा आणि म्हणा, "त्या दिवशी तू विचारलंस आणि मी विषय बदलला, ते चुकलं माझं." मग तो बोलेल. पुढे स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांच्या, अडचणीपेक्षा उपायावर भर देणाऱ्या समुपदेशन पद्धतीतला मापाचा प्रश्न घ्या: शून्य ते दहात पेपर लिहिणं कितीवर आहे? तो तीन म्हणाला तर "दहा का नाही" विचारू नका. "शून्य का नाही?" विचारा.

नवी_समुपदेशक:
आज बोलले. आधी माफी मागितली, तो बराच वेळ टेबलाची कड खरवडत बसला. मग म्हणाला, "दोन." शून्य का नाही विचारल्यावर म्हणाला, "कारण पहिला प्रश्न मी पूर्ण लिहितो. अक्षर चांगलं येईपर्यंत." चाचणी घेणाऱ्यांनीही फोनवर तेच सांगितलं: चूक एकही नाही, खोडून पुन्हा लिहिणं मात्र सतत. पालकांची संमती मिळाली आहे, उद्या वर्गशिक्षिकेला भेटते.