होबार्ट ते पुंता अरेनास : हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

नववीच्या मुलांसाठी अंटार्क्टिकावर तक्ता करते आहे. टास्मानियातलं होबार्ट आणि चिलीतलं पुंता अरेनास ही दोन्ही शहरं त्या खंडाची प्रवेशद्वारं मानली जातात. त्यांच्यातलं अंतर आणि विमानाला लागणारा वेळ तक्त्यात हवाय, आणि तिथेच गाडी अडली आहे.

अक्षांश-रेखांशांवरून काढलं तर अंतर सुमारे ८,७०० किमी येतं. पण थेट विमानच नाही. होबार्ट–सिडनी १,०४०, सिडनी–सांतियागो ११,३४०, सांतियागो–पुंता अरेनास २,१८०, म्हणजे जवळपास १४,५६० किमी! तक्त्यात कोणता आकडा द्यावा?

दुसरं, भिंतीवरच्या नकाशात दोन्ही शहरं जोडली की रेघ सरळ पॅसिफिकवरून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणला तर तो थेट अंटार्क्टिकावर चढतो. मुलं हे विचारणारच.

आणि सिडनीहून सांतियागोला साधारण साडेबारा तास, परतीला मात्र चौदाच्या आसपास, असं का? मुलांना चुकीचं काही शिकवायचं नाही, म्हणून जाणकारांनी जरूर सांगावं.

प्रतिसाद १

ताई, दोन्ही आकडे द्या, फक्त नावं वेगळी ठेवा : ‘सर्वांत कमी अंतर’ आणि ‘प्रवासाचं अंतर’. दोरा बरोबर आहे. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग साधारण ७४ अंश दक्षिणेपर्यंत जातो. सपाट नकाशा ध्रुवाकडचा भाग ताणून दाखवतो, त्यामुळे तिथली सरळ रेघ प्रत्यक्षात लांबची वाट असते.

अंदाजासाठी अंतराला ८५० ने (विमानाचा ताशी वेग, किमीत) भागा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरा. ८,७०० किमीला पावणेअकरा तास. पण तक्त्यात ‘काल्पनिक उड्डाण’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर मुलं तिकीट शोधायला लागतील.

जाण्या-येण्यातला फरक वाऱ्याचा. त्या अक्षांशांवर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. सांतियागोकडे जाताना ते पाठीशी असतात, परतताना समोरून येतात.

प्रतिसाद २

प्रवासी कमी, हे थेट विमान नसण्याचं एक कारण. दुसरंही मुलांना सांगण्यासारखं आहे. दोन इंजिनांच्या विमानातलं एक इंजिन बंद पडलं, तरी ठरावीक वेळात गाठता येईल असा विमानतळ मार्गात कायम टप्प्यात असावा लागतो. या नियमाला ईटॉप्स म्हणतात. दक्षिण महासागरावर असे विमानतळ फार विरळ, म्हणून वाट उत्तरेकडे वाकवावी लागते. सिडनी–सांतियागो मार्गावर पूर्वी चार इंजिनांचं बोइंग ७४७ विमान उडायचं, त्यामागे हेही होतं.

वेळ काढताना घड्याळांची वजाबाकी करू नका, आधी दोन्ही वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणा. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते, त्यामुळे सिडनीहून दुपारी निघालेलं विमान सांतियागोला त्याच तारखेच्या सकाळी उतरू शकतं. पुंता अरेनास तर वर्षभर यूटीसीच्या ३ तास मागे असतं. सांतियागोत हिवाळ्यात हा फरक ४ तासांचा होतो.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दोन्ही अंतरं देते, आणि वाररेषेसाठी वेगळी चौकट करते. एकच राहिलं : सांतियागो–पुंता अरेनास तुमच्या सूत्राने तीन तासांच्या थोडं वर येतं, ते प्रत्यक्ष वेळापत्रकाशी जुळतं का? कुणी तो प्रवास केला असेल तर सांगा.