बुंद, बी की बीन? कॉफीच्या दाण्याला मराठीत काय म्हणावे

मांडवीकाठ :
कॉफीचा उगम आणि तिचा जगभरातील प्रसार या विषयावरील एका इंग्रजी लेखाचा मी दिवाळी अंकासाठी अनुवाद करीत आहे. त्यात जागोजागी आलेल्या ‘बीन’साठी मी ‘बुंद’ लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘कॉफी बीन’ केले आणि ‘बुंद म्हणजे थेंब, वाचकांचा घोटाळा होईल’ असा शेरा मारला. डिचोलीच्या आमच्या घरी आजी मात्र ‘बुंददाणे’ असेच म्हणत असे. शिवाय कॉफीच्या पिकलेल्या लाल फळाला इंग्रजीत ‘चेरी’ म्हणतात, त्याचे काय करावे, हाही प्रश्न आहेच. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

अंत्रुजवासी :
‘बीन’ तर मुळीच नको. बीन म्हटले की घेवडा, वाल, चवळी अशी शेंगेतली कडधान्ये डोळ्यांसमोर येतात, आणि कॉफीचा शेंगेशी काही संबंध नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ती कदंबाच्या कुळातली आहे. तिच्या फळात गराच्या आत साधारणपणे दोन बिया सपाट बाजूंनी एकमेकींना चिकटून असतात. म्हणून सरळ ‘कॉफीच्या बिया’ लिहावे. ते अचूकही आहे आणि वाचकाला अडतही नाही.

सत्तरीकर :
बिया लिहिण्यास हरकत नाही, पण ‘कॉफी’ हा इंग्रजांनी दिलेला शब्द आपण किती काळ वागवणार? अरबीत या पेयाला ‘कहवा’ म्हणतात आणि तो आपल्या ‘क्वाथ’ शब्दावरून गेला असावा, असे माझे जुने मत आहे. दोन्ही पेये उकळूनच होतात. आमच्याकडे धणे-जिऱ्याचा कषाय करतात, त्याचीही कृती तीच.

बार्देशकर :
सत्तरीकर महाशय, कृती सारखी असल्याने शब्दांचे नाते सिद्ध होत नाही. ‘कहवा’ हा शब्द अरबीत आधीपासून होता आणि अरबी कोशकारांनी त्याचा जुना अर्थ मद्य असा दिला आहे. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी रात्रीच्या उपासनेत जाग राहावी म्हणून हे पेय घेऊ लागले, तेव्हा ते नाव याला चिकटले. तुर्कीत त्याचे ‘काहवे’ झाले, इटालियनांनी ‘काफे’ केले आणि पोर्तुगिजांनीही तेच रूप घेतले. डचांचे ‘कोफी’ इंग्रजीत गेले आणि तिथून आपली ‘कॉफी’ आली.

‘बुंद’ची वाट मात्र वेगळी आहे आणि माझ्या मते अधिक मोलाची आहे. अरबीत पेय म्हणजे कहवा आणि झाड व दाणा म्हणजे ‘बुन्न’, असा भेद आहे. इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ जंगलांत हे झाड मूळचे उगवते आणि तिथे कॉफीला आजही ‘बुना’ म्हणतात. याचा अर्थ, आजींच्या तोंडी असलेला बुंददाणा कॉफीच्या जन्मभूमीशी थेट नाते सांगतो. पेयाला कॉफी आणि दाण्याला बुंद, हा अरबीतला भेद मराठीने जपला आहे. तो एका शेऱ्यासरशी पुसला जाऊ नये.

सत्तरीकर :
मग बुंदही परकाच ठरला! शिवाय पोर्तुगिजांनी मिरची, काजू आणले, तशी कॉफीही त्यांनीच गोव्यात आणली असणार. त्या हिशेबाने गोमंतकीयाने ‘काफे’ म्हणणेच योग्य होईल.

बार्देशकर :
कालक्रम पाहावा. आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला 1510 साली. त्यानंतरच्याच वर्षी, 1511 मध्ये, मक्केत खैर बेग या अधिकाऱ्याने कॉफीवर बंदी घातली. म्हणजे तेव्हा हे पेय अरबस्तानच्या आसपासच वावरत होते. मिरची आणि काजू अमेरिकेतून आले. कॉफीचे झाड ब्राझीलमध्ये पोहोचले तेच 1727 साली. आपल्या बाजूला झाड आले ते परंपरेनुसार बाबा बुदन यांच्यामुळे : सतराव्या शतकात त्यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे सांगतात. डचांनी जावात लागवड केली आणि 1706 साली जावातून एक रोप ॲम्स्टरडॅमला नेले. अमेरिकेतील पुढच्या लागवडीचा बराचसा वंश त्या रोपाकडे जातो. जो शब्द येमेनच्या बाजूने आला, त्याला लिस्बनमार्गे आणण्याचे कारण नाही.

अंत्रुजवासी :
व्युत्पत्ती मान्य, पण आजचा किती वाचक बुंद ओळखेल? भाषा वापरणाऱ्यांची असते. आमच्या घरी तर ‘काफी’ असाच उच्चार होता आणि कोशातला ‘कॉफी’ आम्हाला शाळेत गेल्यावर भेटला. काफी हा राग गाणाऱ्यांच्या घरातही त्यावरून कधी कोणाचा घोटाळा झाला नाही. संदर्भ असला की वाचकाला अर्थ कळतो.

बार्देशकर :
मावशी, हाच न्याय बुंदला लावावा. कॉफीच्या लेखात थेंबाचा घोटाळा कसा होईल? पहिल्यांदा ‘बुंददाणे, म्हणजे कॉफीच्या बिया’ असे लिहावे आणि पुढे खुशाल बुंद वापरावा.

सत्तरीकर :
‘चेरी’साठी मी ‘बोंडू’ सुचवतो. आपल्या मातीतला शब्द आहे, फळ लाल आहे आणि आत बी आहे.

अंत्रुजवासी :
बोंडूची बी आत नसते, खाली लटकते! काजूचा बोंडू म्हणजे फुगलेला देठ. खरे फळ ते बीच. कॉफीत गर बाहेर आणि बी आत असते. सत्तरीच्या माणसाने तरी हे दोन एक करू नयेत.

सत्तरीकर :
कापसाच्या बोंडात तर सरकी आतच असते ना? मग ‘बोंड’ घ्या.